फायबरच्या होडीच्या दुरुस्तीसाठी आयसो रेझिन आणि ४५० ची मॅट: घ्यावी का?

पाण्याखालच्या भागाचं काम असेल तर साधं जीपी (सर्वसाधारण कामाचं पॉलिएस्टर) रेझिन घेऊच नका. आयसो, म्हणजे आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर रेझिन, थोडं महाग पडतं, पण पाण्यात जास्त टिकतं, फोड कमी येतात. ४५० ची मॅट, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची, काचेच्या तुटक धाग्यांची चादर, त्यासोबत छान बसते. एका चौरस मीटरला साधारण १ किलो रेझिन जातं आणि एका थराला जेमतेम १ मिमी जाडी येते. खरेदीचा हिशेब त्यावरून करा.

किलोभर रेझिनला १० ते १५ ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), तोही काट्यावर मोजून. अंदाजाने ओतलं की एक तर थर चिकट राहतो, नाहीतर डब्यातच जेल होतं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) वेगळं दिलं असेल तर आधी ते रेझिनमध्ये पूर्ण ढवळा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही करू नका, भडका उडतो.

खरी मर्यादा दिसते ती जुन्या फायबरवर. पक्क्या झालेल्या थराशी हे रेझिन एकजीव होत नाही, खरखरीत पृष्ठभागाला नुसतं धरून राहतं. म्हणून ६ मिमी जाडीच्या तळाला भोकाभोवती निदान ७ सेंमी रुंद उतार घासा, ४० नंबरच्या पेपरने, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मग ॲसिटोनने पुसा.

कोकणात हे काम बहुधा पावसाळी मासेमारीबंदीत निघतं. दमट मॅट नीट भिजत नाही, पांढुरकी राहते. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवा.

जास्त ताणाच्या जोडांना इपॉक्सीच (वेगळ्या प्रकारचं, जास्त घट्ट चिकटणारं रेझिन) बरं. तिथे मात्र ही मॅट चालत नाही, कारण तिचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. विणलेलं कापड घ्या.