मणक्याच्या उपचारकेंद्रातील चार महिने

कमरेतून निघून डाव्या मांडीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत जाणारी कळ सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा जिथे दाखवले तिथे माझ्या पायाला कोणी हातही लावला नाही. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून ‘मणक्यांमधली शेवटची गादी सरकली आहे, ऑपरेशन करून टाका’ एवढेच सांगण्यात आले. दुसरे मत घ्यावे म्हणून मी केवळ मणक्यांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रात गेलो आणि पुढचे चार महिने तिथलाच रुग्ण होतो. हा अभिप्राय त्या केंद्राविषयी आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी फिल्मचे पाकीट न उघडता टेबलावर ठेवले आणि मला आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावले. चवड्यांवर चालताना डावी टाच दर पावलाला खाली टेकत होती, हे तोवर माझ्याही लक्षात आले नव्हते. उताणे झोपवून, गुडघा न वाकवता पाय उचलला, तेव्हा उजवा सहज वर गेला. डावा साधारण ४० अंशांवर पोचताच पोटरीत अशी चमक निघाली की मी पलंगाची कड धरली. टाचेमागच्या जाड शिरेवर रबरी हातोडा मारल्यावर उजवे पाऊल उडाले, डावे जागचे हलले नाही. एवढ्या तपासणीवरून त्यांनी कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांच्यामधली गादी नसेला दाबत असल्याचे अनुमान सांगितले, आणि मगच पाकीट उघडले.

हा क्रम मला या केंद्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमरेची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्के लोकांच्या एका तरी गादीला फुगवटा दिसला होता. म्हणजे फिल्ममध्ये दिसणारा फुगवटा आणि रुग्णाचे दुखणे यांचा मेळ तपासणीने घालावाच लागतो. (‘मणक्यात गॅप आली’ हा आपल्याकडचा लाडका शब्दप्रयोग तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे, गादी झिजली की दोन मणक्यांमधले अंतर कमी होते.)

पर्याय सांगतानाही डॉक्टरांनी, स्वतः शस्त्रक्रिया करणारे असूनही, घाई केली नाही. बाहेर आलेला गादीचा भाग बऱ्याच रुग्णांत शरीर हळूहळू शोषून घेते आणि पायाचे दुखणे बहुधा सहा ते बारा आठवड्यांत उतरते, म्हणून आधी औषधे, हिंडणे-फिरणे आणि व्यायाम. अंथरुणाला खिळून राहायचे नाही. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो हे त्यांनी लपवले नाही, पण नॉर्वेतील वेबर यांच्या १९८३च्या अभ्यासाचा दाखला देऊन, पहिल्या वर्षी दिसलेला हा फायदा चौथ्या वर्षापर्यंत फारसा उरत नाही, हेही सांगितले. माझ्या मणक्यांत अस्थिरता नसल्यामुळे मणके एकमेकांना जखडणाऱ्या स्क्रू-पट्ट्यांचा प्रश्नच नव्हता. मात्र लघवी अडली, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर भेटीची वेळ न पाहता तडक यायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिले.

फिजिओथेरपी विभागाबद्दल मात्र इतके चांगले लिहिता येत नाही. पालथे झोपून हातांवर जोर देत छाती उचलण्याचा व्यायाम मला दिला होता. आठवड्याभरात पोटरीतली कळ ओसरली, पण कंबर जास्तच ठणकू लागली, आणि आजार बळावला असे समजून मी आठ दिवस व्यायाम बंद ठेवला. दुखणे पायातून वर सरकत कमरेत येणे हे सुधारणेचे लक्षण मानतात, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून कळले. पहिल्याच दिवशी कोणी एक वाक्य बोलले असते तर ते आठ दिवस वाया गेले नसते. शिवाय डॉक्टरांनी न सांगितलेले ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) तिथे सरसकट सगळ्यांना लावले जाते. या दुखण्यात वजन लावल्याने टिकाऊ फायदा होतो याला भक्कम आधार नाही, आणि मी तसे विचारले तेव्हा ‘सगळ्यांनाच देतो’ हे उत्तर मिळाले. डॉक्टरांची टिपणे त्या विभागापर्यंत पोचत नसल्याने प्रत्येक नव्या थेरपिस्टला पहिल्यापासून सगळी हकिकत सांगावी लागली, ते वेगळेच.

सहाव्या आठवड्यानंतरही रात्रीची झोप लागत नव्हती, म्हणून क्ष-किरणाच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत नसेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. याने गादी जागेवर जात नाही, फक्त सूज उतरून काही आठवड्यांची उसंत मिळते, हे आधीच स्पष्ट केले होते. त्या उसंतीत व्यायाम नीट झाला आणि शस्त्रक्रियेची वेळ आली नाही.

चौथ्या महिन्याच्या अखेरच्या भेटीत चवड्यांवर चालताना डावी टाच वर राहिली. हातोडा मारल्यावर डावे पाऊल अजूनही उडत नाही. ती प्रतिक्रिया कदाचित परत येणारही नाही, पण चालण्यात त्याने काही अडत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि आजवर तरी काही अडलेले नाही.