आसुन्सिओनमध्ये आयत्या वेळी हॉटेल घेताय? हिशेब ग्वारानीतच करा

पॅराग्वेच्या राजधानीत आयत्या वेळी खोली घेणाऱ्याला लुबाडायला कुणाला सुरा काढावा लागत नाही. काउंटरवरचा हिशेबच पुरतो. इग्वासूचा धबधबा बघून पुढे निघालेला, विमान चुकलेला किंवा रात्रीची बस नको म्हणून थांबलेला पाहुणा रात्री नऊला दारात येतो. पैसे बदलून देणारी दुकानं तोवर बंद झालेली असतात, फोनला नेट नसतं आणि दमलेल्या माणसाला घासाघीस नको असते. समोरच्याला हे सगळं दिसत असतं.

समजा, खोलीचा दर 350.000 ग्वारानी आहे. ग्वारानी हे पॅराग्वेचं चलन. तिथे हजारानंतर स्वल्पविराम नसतो, टिंब असतं. त्यामुळे हा आकडा साडेतीनशे नाही, साडेतीन लाख आहे. बोलताना तर ‘हजार’ गाळून नुसतं ‘तीनशे पन्नास’ म्हणायची तिथे सवय आहे. सोयीसाठी डॉलरला 7,000 ग्वारानी धरले, तर खोली 50 डॉलरला पडते. काउंटरवर मात्र ‘डॉलरचा आमचा दर 6,000’ असं सांगतात आणि 58 डॉलर होतात. त्यावर 10 टक्के कर ‘वेगळा’ लावला की 64. कार्डाने देणार म्हणून आणखी 5 टक्के जोडले की रक्कम 67 डॉलरच्या वर जाते. प्रत्येक पायरी किरकोळ वाटते, म्हणून कुणी भांडत नाही. यात कराची पायरी मला सगळ्यात चीड आणणारी वाटते. पॅराग्वेत या मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर 10 टक्केच आहे, पण फलकावर लावलेल्या किमतीत तो सहसा आधीच धरलेला असतो.

म्हणून पासपोर्ट पुढे करण्याआधी कागदावर पूर्ण आकडा सगळ्या शून्यांसकट लिहून घ्या. दर माणशी की खोलीचा, करासहित की कराविना, नाश्ता धरून की सोडून, हे त्याच कागदावर येऊ द्या आणि त्याचा फोटो काढा. डॉलरमध्ये सांगितलेला दर मान्यच करू नका.

कार्डाच्या यंत्रावर दुसरा सापळा असतो. परदेशी कार्ड घातलं की यंत्र कधीकधी विचारतं, रक्कम ग्वारानीत घ्यायची की डॉलर-रुपयांत. रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं, पण तो दर यंत्रवाल्याचा असतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. बरेचदा हे बटण पाहुण्याला न विचारताच काउंटरवरून दाबलं जातं. यंत्र स्वतःच्या हातात घ्या. पावतीवर रकमेआधी ‘जीएस’ ही ग्वारानीची खूण हवी. ‘यूएसडी’ दिसलं, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करायला लावा.

रोख देताना नोटा एकेक करून, मोठ्याने मोजत काउंटरवर ठेवा. फाटकी, शिक्का मारलेली, पेनाने खूण केलेली डॉलरची नोट तिथे कुणी घेत नाही, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो. तुमची कोरी शंभराची नोट काउंटरखाली जाते, दुसरीच फाटकी वर येते आणि ‘ही चालणार नाही, दुसरी द्या’ असं ऐकवलं जातं. मोठ्या नोटांच्या क्रमांकाचा फोटो आधी काढलेला असला, की वाद जागच्या जागी मिटतो. सुट्टे परत घेताना 2.000 आणि 20.000 यांत गल्लत होते. 2.000ची नोट पॉलिमरची आहे, बोटाला प्लास्टिकसारखी लागते. 20.000ची कागदी आहे. अंधाऱ्या काउंटरवर डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा.

वाटेतच फोनवरून बुकिंग केलं असेल तर वेगळा धोका. हॉटेलचं बुकिंग-खातं चोरांच्या हाती लागलेलं असतं. मग त्या अ‍ॅपच्या चॅटमध्येच, तुमचं नाव आणि तारीख बिनचूक लिहून संदेश येतो की कार्ड पडताळा, नाहीतर काही तासांत बुकिंग रद्द. संदेशातली लिंक खोटी असते. परदेशी साइटवर आपल्या कार्डातून ओटीपी न येताही पैसे जाऊ शकतात. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा, लागेल तेवढीच मर्यादा तेवढ्यापुरती उघडा. माहिती भरून बसला असाल, तर कार्ड लगेच ब्लॉक करा. बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्यांची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही.

विमानतळ लुके गावात आहे, शहराच्या मध्यापासून साधारण 15 किलोमीटरवर. ‘ते हॉटेल बंद झालंय, माझ्या ओळखीचं आहे’ म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्याचं ऐकू नका, हॉटेलला स्वतः फोन करा. जुन्या मध्यवर्ती भागातली खोली स्वस्त मिळते, पण कचेऱ्या सुटल्यावर आणि रविवारी ते रस्ते ओस पडतात. उशिरा पोचणार असाल तर व्हिया मोरा किंवा आव्हियादोरेस देल चाको रस्त्याचा परिसर बरा. डिसेंबर ते फेब्रुवारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पैसे देण्याआधी खोलीतला एसी दहा मिनिटं चालवून बघा. ‘बिघडलाय, वरच्या दराची खोली घ्या’ हे मध्यरात्री ऐकण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

निघताना ‘फाक्तुरा’, म्हणजे पक्कं बिल मागा. त्यावर हॉटेलचा ‘रुक’ हा करदाता क्रमांक आणि ‘तिंब्रादो’ हा कर खात्याचा मुदतीसहचा परवाना-क्रमांक छापलेला असतो. हातानं लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे, आणि बिलाशिवाय ‘सेदेको’ या ग्राहक-संरक्षण कार्यालयात तक्रार लंगडी पडते. वाद झाला म्हणून हॉटेलने पासपोर्ट तारण ठेवून घेतला, तर 911वर पोलिसांना बोलवा आणि आसुन्सिओनमधल्या भारतीय दूतावासाला कळवा. 2022पासून तो शहरातच आहे. त्याचा तातडीचा क्रमांक विमानात बसण्याआधी कागदावर लिहून ठेवा.