एकट्याने मैफली आणि घुमणारा हॉल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जागा आहे पुण्याच्या उपनगरातलं एक बंदिस्त क्रीडासंकुल. बॅडमिंटनची कोर्टं, वर पत्रा, तिन्ही बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या. कार्यक्रम असला की कोर्टांवर जाजम अंथरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात. आठ महिन्यांत इथे गायन, सतार, बासरी, तबला सोलो आणि दोन फ्यूजनचे कार्यक्रम ऐकून झाले, सगळे एकट्याने. हॉल गाण्यासाठी वाईट आहे. तरी तिथे एकट्याने जावं, कारण अशा हॉलमध्ये श्रोत्याच्या हातात एकच गोष्ट असते, बसायची जागा. ती एकट्याला मिळते, चौघांच्या घोळक्याला मिळत नाही.

वाईट म्हणजे नेमकं काय? साधारण 40 मीटर लांब, 25 रुंद, 10 उंच, म्हणजे 10,000 घनमीटर हवा. काँक्रीट, पत्रा, प्लॅस्टिक यांपैकी काहीच फारसा आवाज शोषत नाही. सॅबाइनच्या सूत्राने (0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण) अंदाज काढला, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला 4 सेकंद लागतात. माणूस मात्र उत्तम शोषक असतो, एकेक जण म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा साधारण अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग. 800 लोक आले तर हे 4 सेकंद 2 वर येतात, 200 च आले तर 3.2 वर अडकतात. गादीच्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात रिकामी खुर्चीही माणसाचं थोडं काम करते, प्लॅस्टिकची करत नाही. म्हणून इथे 'गर्दी नाही, निवांत ऐकू' हा हिशेब उलटा पडतो. निम्मा रिकामा कार्यक्रम हमखास जास्त घुमतो.

फटका कशाला बसतो तेही ठरलेलं. द्रुत लयीत मिनिटाला 240 मात्रा आणि मात्रेला दोन स्वर धरले, तर एका स्वराच्या वाट्याला 125 मिलीसेकंद येतात. 3 सेकंद घुमणाऱ्या हॉलमध्ये तेवढ्या वेळात आधीचा स्वर जेमतेम अडीच डेसिबलने खाली येतो. तान ऐकू येते ती दाणेदार नाही, लापशीसारखी. सतारीचा 'झाला' (शेवटचं जलद वादन), तराणा, तबल्याचा रेला (बोलांची वेगवान साखळी) यांची तीच गत. उलट विलंबित आलाप, बासरी, ध्रुपदाची नोमतोम (शब्दांविना आलाप) इथे सुसह्य वाटते, क्वचित गोडही, कारण मागचा स्वर रेंगाळला तरी रागातलाच असतो. या हॉलचं तिकीट कलाकार बघून नाही, काय वाजणार ते बघून काढायचं. तबला सोलोला तर फुकट पासवरही जाऊ नये.

आता जागा. सर्वात महाग तिकीट पहिल्या तीन रांगांचं, आणि तेच सर्वात वाया. दोन्ही बाजूंचे स्पीकर उंचावर असतात. त्यांचा थेट आवाज या रांगांच्या डोक्यावरून जातो, आणि 30 मीटर मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. 60 मीटरचा जादा प्रवास म्हणजे 175 मिलीसेकंद उशीर, त्यामुळे ठेक्यातल्या प्रत्येक 'धा'मागे दुसरा 'धा' येतो. मागच्या पायऱ्यांवर गायकाचे शब्द कळत नाहीत. बाजूच्या भिंतीला टेकून बसलं की डग्गा फुगतो आणि तानपुरे गायब होतात.

चालणारी जागा म्हणजे स्पीकरपासून 10 मीटरच्या आतली, पण त्यांच्या माऱ्यात येणारी. खुर्च्यांच्या हिशेबात पाचवी ते आठवी रांग, मध्यरेषेच्या जवळ. भिंतीचा पडसाद तिथेही येतो, पण थेट आवाजाखाली दबतो. मिक्सरचं टेबल मध्यावर असेल तर त्याच्या दोन रांगा पुढे बसावं. साउंडवाला स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसंच लावणार. टेबल कोपऱ्यात ढकललेलं दिसलं, तर त्या दिवशी फारशी आशा नको.

इथे एकटेपणाचा फायदा होतो. लोक दोन-तीनच्या जोडीने जागा घेतात, त्यामुळे सहाव्या-सातव्या रांगेत मधली एखादी खुर्ची शेवटच्या दोन दिवसांपर्यंत शिल्लक राहते. आधी घाई करून कडेची घेऊ नये. जागा क्रमांकाशिवाय असतील तर अर्धा तास आधी पोहोचायचं, हॉल किती घुमतो ते कळायला एक टाळी वाजवायची आणि चार ठिकाणी उभं राहून साउंड चेक ऐकायचा. कुणाला 'चल, तिकडे बसू' म्हणून समजवावं लागत नाही.

तोटा मध्यंतरात कळतो. पंधरा मिनिटांची पंचवीस होतात, स्वच्छतागृहाची रांग लांब असते, आणि खुर्चीवरचा रुमाल सगळेच मानतात असं नाही. शेजारच्यांना 'काका, जरा लक्ष ठेवाल का?' एवढं विचारलं की काम होतं. पाठीवरची सॅक मात्र खुर्चीवर सोडायची नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरूनच घ्यावा, कारण दारात गर्दी झाली की नेटवर्क मान टाकतं.

फ्यूजनला इअरप्लग लागतात. फोनवरच्या मीटरने 97 डेसिबल दाखवलं, तर अमेरिकेच्या 'नायॉश' (NIOSH) या कामगार-आरोग्य संस्थेच्या मोजणीत ती अर्ध्या तासाची मर्यादा. 100 ला पंधरा मिनिटं. फोमचे प्लग वरचे स्वर जास्त कापतात आणि इथली लापशी आणखीच वाढते. सगळे स्वर सारखे खाली आणणारे, संगीतासाठीचे सिलिकॉनचे प्लग घ्यावेत. घुमणं त्यांनी कमी होत नाही, फक्त कान वाचतात. कापसाचा बोळा निरुपयोगी.

तुलना करायची तर मुंबईचं टाटा थिएटर (1980) विनामाइक ऐकण्यासाठीच बांधलेलं आहे, त्याच्याशी बरोबरी नकोच. पण 1953 पासूनच्या 'सवाई गंधर्व' महोत्सवाचा मांडवही या क्रीडासंकुलापेक्षा सरस, कारण कापड आणि उघडी हवा आवाज परत पाठवत नाहीत. आयोजकांनी मागच्या भिंतीवर नुसते जाड पडदे टाकले असते तरी 'धा' एकच ऐकू आला असता.

पावसाळ्यात या हॉलचं तिकीट काढू नये. पत्र्यावर सर आली की माइक वाढवतात, माइक वाढवला की शिट्टी मारतो, आणि भैरवी आटोपती घेतात. दुचाकी फाटकाजवळ, बाहेरच्या बाजूला तोंड करून लावावी. आत लावली तर निघायला आणखी अर्धा तास.