कॅनव्हासची पाण्याची पिशवी: कोणत्या वाळवंटात चालते, कोणत्या नाही

जाड सुती कॅनव्हासची, ५ लिटरची, घट्ट बुचाची ही पिशवी उष्ण वाळवंटासाठी आजही बिनधास्त घ्यावी. अट एकच, हवा कोरडी हवी. तिचं काम माठासारखंच चालतं: कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं.

सहाराच्या आतल्या भागात दुपारी तापमान ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं कापड जास्तीत जास्त २१ अंशांच्या आसपास उतरू शकतं. पिशवीतलं पाणी तेवढं गार होत नाही, पण पिताना फरक लगेच जाणवतो. हा गारवा फुकट मात्र नाही. ५ लिटर पाणी १५ अंशांनी थंड व्हायला किमान १३० मिलिलिटर उडून जावं लागतं, आणि बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने खरी घट त्याहून बरीच जास्त होते. म्हणून राखीव पाणी कायम बंद कॅनमध्येच ठेवा. पिशवीत फक्त त्या दिवशी प्यायचं पाणी भरा.

नवी पिशवी पहिल्यांदा भरली की शिवणीतून टपटप गळते. ती खराब निघाली असं समजून परत करू नका. २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. सूत फुगतं आणि छिद्रं आवळली जातात. त्यानंतर कापड बाहेरून फक्त दमट लागायला हवं. तरीही थेंबांची धार लागत असेल, तर विणच विरळ आहे. विकत घेताना आत हात घालून पाहा: रबर किंवा प्लास्टिकचा थर लागला तर ती पिशवी पाणी गार करणारच नाही. अशा दिखाऊ पिशव्या सर्रास विकल्या जातात, याचा खरंच राग येतो.

टांगायची ती सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी. वाळूवर ठेवली तर वाळू तळातून पाणी ओढून घेते. वाळवंटी विहिरींचं पाणी बहुधा खारट असतं, त्यामुळे कापडावर पांढरा थर चढतो, छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून भरपूर पाण्याने धुवा. साबण नको, चव राहते. घडी घालण्याआधी पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

नामिब (नैऋत्य आफ्रिका) आणि अटाकामा (दक्षिण अमेरिका) या वाळवंटांच्या किनारपट्टीवर पाऊस नगण्य, पण थंड सागरी प्रवाहांमुळे धुकं दाट. तिथे कापड सुकतच नाही. पर्शियन आखाताच्या दमट किनाऱ्यावरही तीच गत: ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ओलं कापड २८ अंशांच्या खाली जात नाही.

लडाख किंवा मंगोलियाकडच्या गोबीसारख्या थंड वाळवंटाच्या हिवाळ्यात ही पिशवी नेऊच नका. हवा तिथेही कोरडीच असते, पण रात्री पाझरलेलं पाणी कापडातच गोठतं, पिशवी फळीसारखी ताठ होते आणि बूच बसल्या जागी चिकटतं. तिथे रुंद तोंडाचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास घ्या. साधी बाटलीच असेल तर रात्री उलटी ठेवा: बर्फ हलका, तो वर धरतो, आणि सकाळी झाकणाकडची बाजू मोकळी मिळते. लेहच्या उंचीवर, सुमारे ३,५०० मीटरवर, पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मासमधलं पाणी सुरुवातीलाच १२ अंशांनी मागे असतं. त्यामुळे तो आधी गरम पाण्याने विसळून, मग काठोकाठ भरा.