अकरा महिने, एक क्रेडिट कार्ड आणि ८७५ रुपये

मेहुणीचं लग्न ठरलं आणि मी कार्डाचा अर्ज केला. मुद्दाम तेव्हाच. पहिल्या ६० दिवसांत ३०,००० रुपये खर्च केले तर ४,००० पॉइंट मिळणार होते, आणि आहेराच्या चादरी-टॉवेलांची खरेदी सासऱ्यांनी माझ्यावर सोपवली होती. त्यांनी दिलेली रोकड बिलासाठी खात्यात टाकून ठेवली.

सोलापुरात चाटी गल्लीत एका दुकानदाराने कार्डावर २ टक्के जादा मागितले. त्याला हात जोडून पुढचं दुकान गाठलं. दीडशे रुपयांना ४ पॉइंट, पॉइंटला पंचवीस पैसे धरले तर पाऊण टक्काही सुटत नाही. दोन टक्के कुठून देणार? २७,६०० वर गाडी अडली तेव्हा आणखी चार चादरी उचलायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, पॉइंटांपायी कपाट कशाला भरताय? किराणा भरा." महिन्याचा किराणा भरला, बोनस जमा झाला.

कार्ड रुपेचं आहे, त्यामुळे यूपीआयला जोडता येतं. नव्या पेठेत क्यूआर स्कॅन करून मी खुशीत पैसे देत होतो. यूपीआयच्या खर्चाला या कार्डावर पॉइंटच नाहीत, हे तिसऱ्या महिन्यात कळलं. पेट्रोललाही नाहीत, तिथे फक्त १ टक्का सरचार्ज माफ होतो, त्यावरचा जीएसटी आपल्याच खिशातून. विमानतळावरचं लाउंज फुकट आहे म्हणे. मी मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसने जातो.

पॉइंट वापरताना मात्र डोळे उघडे ठेवा. बिलातून वजा करून घेतले तर पॉइंटला २५ पैसे, किराण्याच्या व्हाउचरला ५० पैसे. तेच पॉइंट, दुप्पट भाव. शिवाय प्रत्येक वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी कापतात, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढले. बोनसचे ४,००० आणि खर्चाचे ३,२०० मिळून ३,६०० रुपयांची व्हाउचरं आली.

आता माझा गाढवपणा. ऑटोपे लावताना 'किमान रक्कम' तशीच निवडलेली राहिली. २१,४०० च्या बिलातले १,०७० गेले आणि मी निवांत. बाकी रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागलं, आणि थकबाकी असल्यामुळे नव्या किराण्यालाही बिनव्याजी मुदत मिळाली नाही. जीएसटीसकट १,४२८ रुपये. कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी नियम वाचून दाखवला. नियम बरोबरच होता.

हिशेब असा: ३,६०० मधून जॉइनिंग फी जीएसटीसह १,१८०, व्हाउचरचे ११७, व्याजाचे १,४२८. उरले ८७५. व्याज लागलं नसतं तर २,३०३.

कार्ड ठेवतोय. वर्षाचा खर्च लाखावर गेल्यामुळे पुढची फी माफ आहे, आणि ऑटोपे आता पूर्ण रकमेवर आहे. बायकोने स्वतः फोन हातात घेऊन तपासलं. दुसऱ्या कार्डासाठी आठवड्यातून दोनदा फोन येतात. घेणार आहे, पण गड्ड्याची यात्रा झाल्यावर. तेव्हा घराला रंग द्यायचाय, आणि रंगवाल्याकडे कार्डाचं मशीन आहे, जादा पैसे घेत नाही, हे विचारून आलोय.