फ्रेजल व्हर्ब्जच्या कोशातील ‘आइस अप’ची नोंद

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्जचा, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ओव्हर’ असा छोटा शब्द जोडून बनणाऱ्या क्रियापदांचा, कोश घेण्यापूर्वी त्यातील एखादी कमी वापराची नोंद बारकाईने वाचावी, कारण ‘गिव्ह अप’ किंवा ‘लुक आफ्टर’ यांसारखी नेहमीची क्रियापदे बहुतेक कोश नीटच देतात. या विद्यार्थी-कोशात मी प्रथम ‘आइस अप’ ही नोंद उघडली आणि ती वाचून संपादकांविषयी आदर वाटला.

‘बर्फाने झाकले जाणे’ एवढा अर्थ देऊन नोंद थांबत नाही. कुलूप, विमानाचे पंख, कार्ब्युरेटर (इंजिनात इंधन आणि हवा मिसळणारा भाग) असे कर्ते योजल्यामुळे, ज्या बर्फाने वस्तूच्या कामात अडथळा येतो त्यासाठी हे क्रियापद विशेष वापरतात, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. कार्ब्युरेटरचे उदाहरण तर फारच नेमके आहे: इंधनाचे बाष्पीभवन होताना आणि हवा अरुंद मार्गातून वेगाने जाताना आतील तापमान इतके उतरते की बाहेरची हवा शून्य अंशाच्या बरीच वर असली, तरी दमट हवेत तेथे बर्फ साचू शकतो.

‘आइस ओव्हर’ला (पृष्ठभागावर बर्फाचा थर धरणे) स्वतंत्र नोंद दिली आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, त्यामुळे त्याहून थंड पाणी वर राहते आणि तळ्यावर बर्फाचा थर वरूनच धरतो, खाली मात्र पाणी तसेच असते. मराठीत ‘तळे गोठले’ म्हटल्यावर ते वरवर गोठले की तळापर्यंत, हे कळत नाही. ‘ओव्हर’मुळे पृष्ठभागच अभिप्रेत असल्याचे कळते. मोटारीच्या पुढच्या काचेसाठी दोन्ही रूपे चालतात, हेही कोशाने स्पष्ट नोंदवले आहे.

उणिवाही आहेत. ‘फ्रीझ ओव्हर’पुढे अर्थ न देता केवळ दुसरी नोंद ‘पाहा’ असा निर्देश आहे, आणि काचेवर हिमकणांचा पातळ थर धरण्यासाठी वापरले जाणारे ‘फ्रॉस्ट ओव्हर’ कोशात नाहीच. ‘आइस ओव्हर’ बर्फ साचण्याच्या अर्थाने कर्म घेत नाही, तरी ‘द पाँड वॉज आइस्ड ओव्हर’ अशी स्थितिदर्शक रचना सर्रास आढळते. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतो, पण कोश क्रियापद कर्म घेत नाही हे दाखवायला केवळ एक चिन्ह छापतो आणि त्याचा अर्थ प्रस्तावनेत देतो. पुढील आवृत्तीत हा खुलासा प्रत्येक पानाच्या तळाशी यायला हवा.