रोलाय इन्फ्रारेड ४०० : आठ महिने, नऊ रोल

फिल्म रोलाय इन्फ्रारेड ४००, म्हणजे लाल रंगापलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरणही टिपणारी; लेन्सवर होया कंपनीचा आर७२ फिल्टर. घेतली ती एका प्रश्नापायी: उन्हात कोणती वस्तू जास्त तापेल, हे फोटोवरून कळेल का?

उष्णता यात दिसत नाही, हे आधीच सांगतो. गॅसवर तापलेला तवा थंड तव्यासारखाच उमटतो. फिल्टर साधारण ७२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचा, म्हणजे डोळ्याला दिसणारा जवळपास सगळा प्रकाश अडवतो आणि फिल्म ८२० च्या आसपास थांबते. तव्यातून किंवा आपल्या अंगातून निघणारे उष्णतेचे किरण कित्येक हजार नॅनोमीटरचे असतात. फोटोत येतं ते फक्त उन्हातल्या इन्फ्रारेडचं परावर्तन.

तरीही मला ती सोडवत नाही. कडुलिंबाची पानं चुना फासल्यासारखी पांढरी येतात, कारण हरितद्रव्य उन्हातले हे इन्फ्रारेड किरण फारसे शोषत नाही आणि पानातल्या हवेच्या पोकळ्या ते परत उधळतात. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून हा ‘वुड इफेक्ट’.

खरा धक्का कपड्यांनी दिला. डोळ्याला सारखेच काळे दोन शर्ट गच्चीवरच्या दोरीवर टाकले. फोटोत एक काळा, दुसरा चक्क फिका राखाडी! त्याचा रंग या किरणांना शोषतच नव्हता. मला वाटलं, हाच उन्हात घालावा. पुढच्या रोलला तोच शर्ट डांबरी कागदावर पसरला, तर बराच गडद आला. म्हणजे पहिल्यांदा दिसलेल्या उजेडातला काही मागच्या पांढऱ्या भिंतीचा होता, कापडातून आरपार आलेला. आणि आरपार गेलेलं ऊन शेवटी अंगावरच पडतं. तेव्हापासून प्रत्येक कापडाचे दोन फोटो काढतो, एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर.

उन्हाची जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, पण ती २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेली. या फिल्मला त्यातली चिंचोळी पट्टीच दिसते. त्यामुळे फोटो फिका आला म्हणून छताचा रंग थंड राहील, असं मी कुणालाही सांगणार नाही.

वापराचं म्हणाल तर रोल अंधारातच भरा. पहिला मी उन्हात भरला आणि सुरुवातीच्या फ्रेम्स धुकट झाल्या. फिल्मचा पारदर्शक पाया उजेड आत ओढून नेतो. फिल्टर लावून मी फिल्मची संवेदनशीलता आयएसओ १२ धरतो, लेन्सचं छिद्र एफ ११ आणि ट्रायपॉड. फोकस लेन्सवरच्या इन्फ्रारेडसाठीच्या लाल खुणेवर सरकवायला विसरू नका. तापमानच मोजायचं असेल, तर थर्मल कॅमेरा घ्या.